न्यू जर्सीतील भाडेकरूंसाठी मालमत्ता कर सवलत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिसन, आयझलिन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो या भागांत भाड्याच्या घरात राहणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बऱ्याच जणांचा असा समज असतो की मालमत्ता कर ही घर घेतल्यानंतरची कटकट आहे. न्यू जर्सीचा कायदा मात्र भाडेकरूलाही मालमत्ता कर भरणारा मानतो आणि त्यासाठी दोन स्वतंत्र सवलती देतो. दोन्ही मागितल्याशिवाय मिळतीलच याची खात्री नाही, म्हणून हे पान.

घर माझ्या नावावर नाही. मग मालमत्ता कर माझा कसा?

न्यू जर्सीत घरमालकाला वर्षातून चार वेळा, म्हणजे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मालमत्ता कराचा हप्ता भरावा लागतो. २०२४ मध्ये राज्यातील घरांचे सरासरी वार्षिक बिल १०,००० डॉलरच्या वर गेले. या रकमेचा साधारण निम्मा भाग शाळांकडे जातो आणि उरलेला नगरपालिका व काउंटीकडे. भाड्याने दिलेल्या इमारतीवरही हा कर लागतो आणि मालक तो भाड्यातूनच वसूल करतो, कारण त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो. चांगल्या शाळा म्हणून आपण एखादे गाव निवडतो आणि तिथे दोन खोल्यांसाठी जास्त भाडे मोजतो, तेव्हा त्या शाळांचा खर्च आपणही उचलत असतो. बिलावर फक्त आपले नाव नसते.

भारतातून नुकतेच आलेले वाचक याची तुलना एचआरएशी, म्हणजे घरभाडे भत्त्याशी करतात. ती तुलना अर्धीच जुळते. एचआरए हा पगाराचा घटक आहे आणि त्यावरील सूट आयकरातील आहे. महानगरपालिकेच्या मालमत्ता कराशी तिचा काहीही संबंध नाही. इथे तुमच्या भाड्याचा ठरावीक हिस्सा हा मालमत्ता करच आहे असे धरले जाते.

नेमके काय मिळू शकते?

पहिली सवलत राज्याच्या आयकर विवरणपत्रात, म्हणजे एनजे-१०४० मध्ये, दरवर्षी मागायची असते. तीत भाड्याच्या १८ टक्के रक्कम तुम्ही भरलेला मालमत्ता कर म्हणून धरली जाते. दुसरी सवलत ‘अँकर’ या नावाने ओळखली जाते. गव्हर्नर फिल मर्फी यांनी ३० जून २०२२ रोजी स्वाक्षरी केलेल्या अर्थसंकल्पातून ती आली आणि तिने ‘होमस्टेड बेनिफिट’ या जुन्या योजनेची जागा घेतली. अँकरचा अर्ज वेगळा, त्याची वेळ वेगळी आणि पैसे येण्याची पद्धतही वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी बंद होत नाही. “आमच्या सीएने रिटर्न भरले आहे, म्हणजे सगळे झाले” असे सांगणाऱ्यांची अँकर बहुधा राहून गेलेली असते. आणि ज्यांनी अँकर घेतली, त्यांच्या विवरणपत्रात भाड्याचा रकाना पुष्कळदा कोरा असतो.

१८ टक्क्यांचा हिशेब कसा करायचा?

वर्षभरात प्रत्यक्ष भरलेल्या भाड्याला ०.१८ ने गुणायचे. उदाहरणार्थ, एका जोडप्याचे महिन्याचे भाडे २,४०० डॉलर आहे. वर्षाचे २८,८०० झाले आणि त्याचे १८ टक्के ५,१८४ डॉलर. एवढी रक्कम त्यांच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. एकत्रित विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याचे करपात्र उत्पन्न ८०,००० ते १,५०,००० डॉलरच्या टप्प्यात असेल तर राज्याचा दर ५.५२५ टक्के आहे. म्हणजे करात साधारण २८६ डॉलर वाचले.

वजावटीला १५,००० डॉलरची कमाल मर्यादा आहे (२०१७ पर्यंत ती १०,००० होती). भाडेकरूने तिची चिंता करू नये, कारण तिथपर्यंत पोहोचायला महिन्याला जवळजवळ ६,९५० डॉलर भाडे भरावे लागेल. उत्पन्नाची वरची मर्यादा मात्र या सवलतीला नाही. दोघांचेही पगार मोठे असल्यामुळे अँकरमधून बाद झालेल्यांनाही १८ टक्क्यांची वजावट मिळते आणि दर वरचा असल्याने त्यांचा फायदा अधिकच होतो.

डिपॉझिट म्हणून दिलेली रक्कम भाड्यात धरू नये. भाड्याचा काही भाग सरकारी साहाय्यातून भरला जात असेल तर तुम्ही स्वतः दिलेला भागच मोजायचा. वर्षाच्या मध्यात न्यू जर्सीत आला असाल तर इथल्या महिन्यांचेच भाडे मोजायचे. न्यू यॉर्कमध्ये भरलेले भाडे इथे चालत नाही.

५० डॉलरचे क्रेडिट म्हणजे काय?

वजावटीऐवजी थेट ५० डॉलरचे क्रेडिट, म्हणजे करातूनच कमी होणारी रक्कम, घेता येते आणि कर देय नसेल तर ते परत मिळते. पती-पत्नी एकाच घरात राहून वेगवेगळी विवरणपत्रे भरत असतील तर प्रत्येकी २५. दोहोंपैकी एकच घेता येत असल्याने दोन्ही हिशेब करून पाहावे लागतात. विवरणपत्राच्या सूचनांत त्यासाठी तक्ता दिलेला असतो आणि संगणकीय प्रणाली तो आपोआप भरते, अर्थात भाड्याचा आकडा तुम्ही घातला असेल तर.

वरच्या जोडप्याने क्रेडिट निवडले तर २३६ डॉलरचे नुकसान होईल. याउलट महिना ८०० डॉलर भाडे देणाऱ्या आणि १.७५ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या एकट्या व्यक्तीचे १८ टक्के १,७२८ होतात, कर वाचतो जेमतेम ३० डॉलर; तिने ५० घ्यावेत. एकट्या व्यक्तीचे उत्पन्न १०,००० डॉलर किंवा कमी, आणि जोडप्याचे २०,००० किंवा कमी असेल तर वजावट मिळत नाही. वय ६५ किंवा अधिक असलेल्या, अंध किंवा दिव्यांग व्यक्तींसाठी वेगळे नियम आहेत.

आम्ही चौघे मित्र एका अपार्टमेंटमध्ये राहतो. भाडे कोणी दाखवायचे?

ज्याने जेवढे भरले, त्याने तेवढेच. ३,२०० डॉलरचे भाडे चौघांत सारखे वाटले असेल तर प्रत्येकाने आपल्या विवरणपत्रात आपले ८०० डॉलरच धरावेत. एकाच्या खात्यातून पूर्ण भाडे जाते आणि बाकीचे तिघे त्याला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे पाठवतात, ही सोय सगळीकडे दिसते. पण म्हणून त्या एकाने ३,२०० दाखवायचे आणि इतरांनीही आपापले दाखवायचे, असे करता येत नाही. कोणी किती पाठवले याची बँकेतील नोंद प्रत्येकाने जपावी.

मी एका घराच्या बेसमेंटमध्ये राहतो; स्वयंपाकघर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंबरोबर सामाईक आहे. मला वजावट मिळेल का?

बहुधा नाही. एकापेक्षा अधिक बिऱ्हाडे असलेल्या इमारतीत तुमच्या बिऱ्हाडाला स्वतःचे स्वयंपाकघर आणि स्वतःचे न्हाणीघर असले पाहिजे आणि ते इमारतीतील इतर भाडेकरूंबरोबर वाटून घेतलेले नसावे, अशी अट आहे. वर उल्लेखिलेल्या चार मित्रांना ही अट आड येत नाही, कारण ते चौघे मिळून एकाच बिऱ्हाडाचे भाडेकरू आहेत. बेसमेंटमधल्या माणसाचे बिऱ्हाड वेगळे आणि गॅसची शेगडी मात्र दुसऱ्याची, इथे अडचण येते. नवीन नोकरीसाठी आलेला मुलगा सहा-आठ महिने अशाच ठिकाणी काढतो आणि त्याच काळात त्याला शंभर डॉलरचीही किंमत असते, त्यामुळे ही अट टोचणारी आहे. पण ती आहे.

अँकर कोणाला आणि किती मिळते?

२०२४ या कर वर्षासाठी भाडेकरूला ४५० डॉलर आणि त्याचे वय ६५ किंवा अधिक असेल तर ७०० डॉलर, असे प्रमाण होते. त्यासाठी त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरला तुम्ही न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात आपले मुख्य निवासस्थान म्हणून राहत असले पाहिजे, भाडेकरारावर तुमचे नाव असले पाहिजे, भाडे तुम्ही भरलेले असले पाहिजे आणि वर्षाचे उत्पन्न १,५०,००० डॉलरपेक्षा जास्त नसले पाहिजे.

त्याच उत्पन्नाच्या घरमालकाला १,५०० डॉलर मिळतात, आणि १,५०,००० ते २,५०,००० डॉलर उत्पन्न असलेल्या घरमालकालाही १,००० मिळतात. भाडेकरूला त्या दुसऱ्या टप्प्यात काहीच नाही. उत्पन्न १,५०,००१ झाले की ४५० चे शून्य होते. दोन लाखांच्या घरात कमावणारा आणि स्वतःचे घर असलेला माणूस साहाय्यास पात्र, तर तेवढेच कमावणारा भाडेकरू अपात्र, यामागचे तर्कशास्त्र निदान आम्हाला पटलेले नाही.

दीड लाखाची मर्यादा कोणत्या उत्पन्नाला लागू होते?

एनजे-१०४० च्या २९ व्या ओळीवरील एकूण उत्पन्नाला. जोडप्याने एकत्रित विवरणपत्र भरले असेल तर दोघांचे मिळून. संघीय विवरणपत्रातील आकडा इथे उपयोगाचा नाही आणि बहुतेकांची चूक इथेच होते. ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती योजनेत टाकलेली रक्कम न्यू जर्सीच्या उत्पन्नातूनही वगळली जाते; पण पगारातून कापला जाणारा आरोग्य विम्याचा हप्ता किंवा पारंपरिक आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यातील गुंतवणूक संघीय करात सुटते आणि न्यू जर्सीत सुटत नाही. डब्ल्यू-२ वर, म्हणजे मालकाने दिलेल्या वार्षिक वेतनपत्रकावर, राज्याच्या रकान्यातील वेतन संघीय रकान्यापेक्षा जास्त दिसते, ते विम्याच्या अशा हप्त्यामुळे. संघीय प्रमाणित वजावटही इथे नसते.

भारतातील उत्पन्नाकडे मराठी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे, बँकेतल्या मुदत ठेवीचे व्याज आणि भारतात करमुक्त असलेले एनआरई खात्याचे व्याजसुद्धा न्यू जर्सीच्या रहिवाशाच्या उत्पन्नात धरावे लागते. पगार १,४६,००० आणि ठेवींवरील व्याज ५,००० डॉलर असेल, तर ते जोडपे अँकरच्या मर्यादेबाहेर गेले. भारतात भरलेल्या कराचे क्रेडिटही न्यू जर्सी देत नाही; ते संघीय विवरणपत्रातच मागता येते.

१ ऑक्टोबरला एवढे महत्त्व का?

वर्षातून घरे अनेकदा बदलली जातात आणि त्या वर्षी तुम्ही भाडेकरू की मालक, हे ठरवायला एक दिवस नक्की करावा लागतो, तो हा. सप्टेंबरमध्ये टेक्सासहून येऊन इथे भाड्याने राहू लागलात तर त्या तारखेला तुम्ही इथे आहात. १५ ऑक्टोबरला आलात तर त्या वर्षाची अँकर गेली, १८ टक्क्यांची वजावट मात्र उरलेल्या महिन्यांसाठी मिळू शकते. नोव्हेंबरमध्ये घर विकत घेतले, तरी त्या वर्षापुरते तुम्ही भाडेकरूच.

अर्ज कर वर्ष संपल्यानंतर मागवले जातात, ही आणखी एक गोंधळाची जागा. २०२२ च्या पहिल्या फेरीत चक्क २०१९ सालच्या निवासाबद्दल विचारले होते; २०२४ या वर्षासाठीच्या अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ही होती. त्यामुळे अर्ज भरताना समोर जे वर्ष लिहिले आहे, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरचा पत्ता, त्या वर्षीचे उत्पन्न आणि त्या वर्षीचे वय द्यायचे असते, आजचे नव्हे. तीन वर्षांपूर्वीच्या अपार्टमेंटचा क्रमांक आठवता आठवता घरात वाद होतात. लीजची प्रत फोनमध्ये जपून ठेवलेली बरी.

लीजवर फक्त माझ्या पतीचे नाव आहे. काही बिघडते का?

एकत्रित विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याचा अँकरचा अर्ज एकच असतो. तरीही लीजचे नूतनीकरण करताना दोघांची नावे घालून घ्यावीत असे आम्ही सुचवतो. पहिल्या नोकरीवर आलेल्याच्या नावाने लीज होते आणि मग वर्षानुवर्षे तीच वाढत राहते. पुढे विवरणपत्रे वेगळी भरायची वेळ आली किंवा दुर्दैवाने विभक्त व्हावे लागले, तर नाव नसलेल्या व्यक्तीची बाजू कागदोपत्री लंगडी पडते.

घरमालक रोख भाडे घेतो आणि पावती देत नाही. मी काय दाखवू?

विवरणपत्राबरोबर पुरावा जोडायचा नसतो, पण विचारणा झाली तर तो तुमच्याकडे असला पाहिजे. चेक किंवा बँकेतून पैसे पाठवणे सगळ्यांत चांगले. रोखच द्यायचे असेल तर दर महिन्याला तारीख, रक्कम, पत्ता आणि मालकाची सही एवढे असलेला साधा कागद घ्यावा. मुंबईच्या चाळीत भाड्याची पावती जपून ठेवणाऱ्या पिढीला हे सांगावे लागत नसे. लीज मुळीच नसेल, सगळा तोंडी मामला असेल, तर अँकरची करारावरील नावाची अट पूर्ण होत नाही.

मी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो. मला सवलत मिळेल का?

नाही. ज्या जागेवर स्थानिक मालमत्ता करच लागत नाही, तिथल्या रहिवाशाने तो भाड्यातून भरला असे म्हणता येत नाही. विद्यापीठाच्या आवारातील अपार्टमेंट, सरकारच्या मालकीची घरे आणि करमुक्त असलेल्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थांच्या इमारती यांत मोडतात. आवाराबाहेर खासगी मालकाच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे लागू नाही. शंका असेल तर नगरपालिकेच्या कर निर्धारकाच्या कार्यालयात इमारतीचा पत्ता सांगून विचारावे.

मी एच-१बी व्हिसावर आहे. पैसे घेतले तर ग्रीन कार्डाला बाधा येईल का?

या सवलती नागरिकत्वावर नव्हे, तर न्यू जर्सीतील निवासावर अवलंबून आहेत. ‘पब्लिक चार्ज’ची, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून असल्याचा शिक्का बसण्याची, भीती पुष्कळांच्या मनात असते. २०२२ च्या संघीय नियमात त्यासाठी मुख्यतः उदरनिर्वाहासाठी मिळणारी रोख मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणे यांचा विचार केला होता. दीड लाख डॉलर कमावणाऱ्यालाही मिळणारी मालमत्ता कराची सवलत त्या वर्गात बसत नाही. हे नियम बदलत असल्याने अर्ज प्रलंबित असलेल्यांनी आपल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्यावे.

आई-बाबा आमच्याकडे राहतात, दोघेही सत्तरीचे आहेत. त्यांना ७०० डॉलर मिळतील का?

लीज तुमच्या नावावर आहे आणि भाडे तुम्ही भरता, तेव्हा त्यांना नाही. वाढीव २५० डॉलर अर्जदाराच्या वयाकडे पाहून मिळतात, घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीकडे पाहून नव्हे. ते स्वतःच्या नावाने वेगळे अपार्टमेंट घेऊन राहत असतील आणि भाडे भरत असतील तर गोष्ट वेगळी. अशा ज्येष्ठ भाडेकरूंनी २०२४ च्या कर वर्षापासून सुरू झालेला पीएएस-१ हा एकत्रित अर्ज भरायचा असतो. त्या अर्जातील ‘स्टे एनजे’ हा भाग घरमालकांसाठी आहे.

घरमालकाची परवानगी लागते का? त्याला कळते का?

परवानगी लागत नाही, त्याची सहीही लागत नाही. पैसे राज्याचा करविभाग थेट तुमच्या खात्यात किंवा चेकने पाठवतो आणि त्यात मालकाचा हिस्सा नसतो. न्यू जर्सी या रकमेवर आयकर लावत नाही. अर्ज विनामूल्य आहे. तो भरून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला किंवा फोनवर बँकेचा तपशील विचारणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

गेली काही वर्षे मी विवरणपत्रात भाडे दाखवलेच नाही. आता काही करता येईल का?

होय. विवरणपत्र भरल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत एनजे-१०४०एक्स हे दुरुस्त विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. वरच्या उदाहरणातील जोडप्याने दोन वर्षे ५० डॉलरसुद्धा घेतले नसतील तर ती रक्कम पावणेसहाशे डॉलरच्या आसपास जाते. एका संध्याकाळच्या कामाला तेवढा मोबदला वाईट नाही. अँकरची मुदत मात्र एकदा गेली की असा मागचा दरवाजा नाही.

दुसऱ्या राज्यात गेलो तर?

प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी आहे. या कल्पनेची सुरुवात १९६४ मध्ये विस्कॉन्सिनने केली. विजेचा भार वाढला की सर्किट ब्रेकर पडतो, तसे उत्पन्नाच्या मानाने मालमत्ता कराचा भार वाढला की राज्याने तो तोडावा, म्हणून अशा योजनांना ‘सर्किट ब्रेकर’ हेच नाव पडले. विस्कॉन्सिन आजही हीटिंग भाड्यात धरलेले असेल तर भाड्याचे २० टक्के आणि नसेल तर २५ टक्के मालमत्ता कर मानते, पण लाभ अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाच मिळतो. मिशिगन २३ टक्के धरते आणि मिनेसोटा १७. मिनेसोटात मालकाने जानेवारीअखेर भाडेकरूला भाड्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते, ही न्यू जर्सीने उचलावी अशी पद्धत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये निम्मे भाडे वजा होते, कमाल ४,००० डॉलरपर्यंत. कॅलिफोर्निया एकट्याला ६० आणि जोडप्याला १२० डॉलर देते. बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील, भाडे पाहता ती रक्कम अगदीच तोकडी आहे. पेनसिल्व्हेनियाची १,००० डॉलरपर्यंतची परतफेड मुख्यतः ६५ वर्षांवरील व्यक्ती, ५० वर्षांवरील विधवा व विधुर आणि दिव्यांग यांच्यासाठी आहे.

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही आणि मालमत्ता कराची होमस्टेड सूट घरात राहणाऱ्या मालकालाच मिळते. भाडेकरूसाठी तिथे राज्याची अशी योजना नाही. डॅलसला निघालेल्यांनी म्हणून एवढे लक्षात ठेवावे की ज्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला तुम्ही न्यू जर्सीत भाड्याने राहत होता, त्या वर्षाची अँकर राज्य सोडल्यानंतरही मागता येते. अर्जात नवा पत्ता आणि चालू असलेले बँक खाते तेवढे द्यावे.